चित्रातील देह आणि वाढीचे घड्याळ

लखनौ शहरात गोमतीच्या काठी छतर मंझिल नावाचा नबाबी राजवाडा आहे. घुमटावरील छत्रामुळे त्यास हे नाव पडले. १७ फेब्रुवारी १९५१ रोजी पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते या राजवाड्यात केंद्रीय औषधी अनुसंधान संस्थेचे उद्घाटन झाले, आणि जेथे एके काळी नबाबांचे दरबार भरत तेथे पुढील सुमारे साठ वर्षे परीक्षानळ्या, तराजू आणि सूक्ष्मदर्शक मांडलेले असत. संस्था आता शहराच्या उत्तरेस नव्या आवारात गेली आहे. या संस्थेत साठीच्या दशकात ‘सेंटक्रोमन’ नावाचे एक संयुग घडविण्यात आले. स्त्रीच्या संप्रेरकाच्या कार्यात नेमका हस्तक्षेप करणारी, परंतु स्टेरॉइड वर्गातील नसलेली संततिप्रतिबंधक गोळी त्यापासून तयार झाली. प्राण्यांवरील प्रयोग, विषारीपणाची तपासणी आणि स्वेच्छेने पुढे आलेल्या स्त्रियांवरील चाचण्या असे एकेक पाऊल टाकीत ती १९९१ साली ‘सहेली’ या नावाने बाजारात आली. प्रयोगशाळेतून औषधाच्या दुकानापर्यंतचा हा प्रवास सुमारे दोन तपांचा होता.

आता त्याच शहरातील पंधरा-सोळा वर्षांचा एखादा मुलगा डोळ्यांसमोर आणावा. तो लखनौचाच असला पाहिजे असे नाही. पुणे, नागपूर, बेळगाव वा मडगाव येथेही तो भेटेल. शाळा सुटल्यावर तो घराजवळच्या जिममध्ये जातो आणि रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या मोबाइलच्या पडद्यावर पिळदार देहांची चित्रे पाहतो. आपला दंड आरशात पाहिला म्हणजे त्यास तो काडीसारखा वाटतो. तीन महिने घाम गाळूनही पडद्यावरील देह आपल्याला लाभत नाही, हे त्याच्या ध्यानी येते. मग कोणीतरी त्याच्या कानाशी लागून सांगतो की, नुसत्या व्यायामाने हे होत नसते. त्यासाठी ‘सामान’ लागते. संप्रेरकांच्या कार्यात ढवळाढवळ करणारे एखादे द्रव्य त्याच्या हाती पडण्यास दोन तपे लागत नाहीत. पुष्कळदा दोन दिवसही पुरतात.

एकाच नगरीतील या दोन घटनांमध्ये जे अंतर आहे ते काळाचे आहे. शास्त्रज्ञ वाट पाहतो, कारण देह आपल्या गतीने उत्तर देतो हे त्यास ठाऊक असते. चित्र मात्र वाट पाहावयास शिकवीत नाही. ज्या वयात देह स्वतःच आपले सर्वांत मोठे बांधकाम करीत असतो, नेमक्या त्याच वयात ही घाई सर्वांत महाग पडते.

चित्राची सत्ता

दुसऱ्याचा देह पाहून आपल्या देहाविषयी असमाधान वाटणे ही गोष्ट नवी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस यूजेन सँडो नावाच्या जर्मन मल्लाने ग्रीक पुतळ्यांप्रमाणे उभे राहून आपली छायाचित्रे काढविली. ती पोस्टाने घरोघर गेली आणि त्यांच्याबरोबर त्याची व्यायामाची पुस्तके व साधनेही विकली गेली. १९०४-०५ च्या सुमारास तो हिंदुस्थानातही येऊन गेला. बलाची परीक्षा तोवर मैदानात वा हौद्यात होत असे. आता ती छायाचित्रात होऊ लागली.

पुढे हा चित्रातील देह वाढतच गेला. हार्वर्ड येथील मनोविकारतज्ज्ञ हॅरिसन पोप आणि त्यांचे सहकारी यांनी १९९९ साली मुलांच्या खेळण्यांची मोजमापे घेतली. ‘जी. आय. जो’ नावाचा सैनिकाचा बाहुला अमेरिकेत १९६४ पासून विकला जात होता. तो प्रौढ पुरुषाच्या उंचीचा आहे असे मानल्यास १९६४ च्या बाहुल्याच्या दंडाचा घेर सुमारे १२ इंच भरे. नव्वदीच्या दशकातील अवतारात तो २६ इंचांच्या पुढे गेला होता. इतका दंड कोणत्याही जातिवंत पहिलवानाचाही नसतो. परंतु खेळणे हाती घेणारे मूल मोजपट्टी घेऊन बसत नाही. पुरुष म्हणजे असाच असावयाचा, एवढेच त्याच्या मनावर ठसते.

चित्रांच्या सामर्थ्याचा एक विलक्षण पुरावा फिजी बेटांतून मिळाला. तेथील नाड्रोगा प्रांतात १९९५ साली दूरचित्रवाणी प्रथमच पोहोचली. भरलेला देह हे तेथे परंपरेने सौष्ठवाचे व घरच्या सुस्थितीचे लक्षण मानले जाई. अॅन बेकर या संशोधिकेने दूरचित्रवाणी आली त्या सुमारास आणि पुन्हा १९९८ साली तेथील शाळकरी मुलींची पाहणी केली. आहारविषयक विकाराची लक्षणे दाखविणाऱ्या मुलींचे प्रमाण तीन वर्षांत सुमारे १३ टक्क्यांवरून २९ टक्क्यांवर गेले होते. आणि वजन घटविण्यासाठी मुद्दाम वांती करणाऱ्या, ज्या पहिल्या पाहणीत एकही नव्हत्या, त्या दुसऱ्या पाहणीत ११ टक्क्यांहून अधिक आढळल्या.

फिजीतील दूरचित्रवाणी सर्वांना एकच चित्र दाखवीत होती, आणि तीही ठराविक वेळी. आजची समाजमाध्यमे याहून पुढे गेली आहेत. पाहणाऱ्याची नजर कोणत्या चित्रावर क्षणभर अधिक रेंगाळली याची ती नोंद ठेवतात आणि तशीच चित्रे पुनःपुन्हा त्याच्यापुढे आणतात. ज्यास आपल्या कृश दंडाची लाज वाटते त्यासच दंडांची चित्रे सर्वाधिक दिसतात. शिवाय चित्रांतील देह दूरदेशीच्या नटाचे नसून आपल्याच वयाच्या, आपल्याच शहरातील मुलांचे असतात. त्यामुळे ‘त्याला जमते, मग मला का नाही?’ हा प्रश्न अधिकच बोचतो. अमेरिकेच्या सर्जन जनरलने २०२३ साली काढलेल्या सूचनापत्रात असे नमूद आहे की, १३ ते १७ वर्षे वयाच्या मुलामुलींपैकी ४६ टक्क्यांनी समाजमाध्यमांमुळे आपल्या देहाविषयी अधिक वाईट वाटते असे सांगितले. आधी एका मोठ्या समाजमाध्यम कंपनीची अंतर्गत कागदपत्रे २०२१ साली उघड झाली, तेव्हा किशोरवयीन मुलींच्या बाबतीत हीच गोष्ट कंपनीच्या स्वतःच्या संशोधकांनाही दिसून आली होती असे समजले.

हे असमाधान काहींच्या बाबतीत विकाराचे रूप घेते. पोप यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली अशा पुरुषांचे वर्णन केले की, जे पुष्ट व पिळदार असूनही स्वतःस लुकडे समजत, सैल कपड्यांत देह झाकीत आणि व्यायाम चुकेल या भीतीने लग्नकार्यासही जात नसत. या अवस्थेस पुढे ‘मसल डिसमॉर्फिया’ असे नाव मिळाले, आणि मनोविकारांच्या अधिकृत वर्गीकरणात तिला स्थान देण्यात आले. आरसा खरे सांगत असतो. पाहणाऱ्याचे मन ते ऐकत नाही.

चित्रामागील कारखाना

पडद्यावरील देह कसा तयार होतो हे जाणल्यावाचून त्याच्याशी तुलना करणे व्यर्थ आहे. व्यायाम संपताच स्नायूंत रक्त भरते आणि ते तासाभरापुरते फुगलेले दिसतात. छायाचित्र त्याच वेळी घेतले जाते. छायाचित्रापूर्वी काही जण पाणी पिणे कमी करतात, म्हणजे कातडी स्नायूंवर ताणून बसते. अंगास तेल लावलेले असते आणि प्रकाश बाजूने टाकलेला असतो, म्हणून प्रत्येक खळगा खोल भासतो. शंभर चित्रांतून एक निवडले जाते, आणि त्या एकावरही यंत्राच्या साहाय्याने हात फिरविला जातो. तो देह त्याच माणसास दुसऱ्या दिवशी सकाळी आरशात दिसत नाही.

यावर आणखी एक गोष्ट असते, जी चित्रात कधीच दिसत नाही. ती किती परिणामकारक आहे हे भारतीय वंशाचे संप्रेरकतज्ज्ञ शलेंदर भसीन यांच्या १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगातून स्पष्ट होते. त्यांनी ४३ निरोगी प्रौढ पुरुषांचे चार गट केले. काहींना दहा आठवडे दर आठवड्यास ६०० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरोनचे संयुग टोचले. ही मात्रा कमतरतेच्या रुग्णास देतात त्याच्या सुमारे सहापट होती. इतरांना औषधविरहित सुई दिली. दोन्हींपैकी निम्म्यांनी व्यायाम केला आणि निम्म्यांनी केला नाही. दहा आठवड्यांनंतर, चरबी वगळून मोजलेले शरीराचे वजन केवळ व्यायाम करणाऱ्यांत सुमारे १.९ किलोग्रॅमने वाढले. औषध घेऊन स्वस्थ बसलेल्यांत ते ३.२ किलोग्रॅमने वाढले, आणि औषध व व्यायाम दोन्ही असणाऱ्यांत ६.१ किलोग्रॅमने.

या आकड्यांतून दोन धडे मिळतात. पहिला असा की, ही द्रव्ये निरुपयोगी आहेत असे मुलास सांगणे म्हणजे त्याचा विश्वास गमावणे होय. स्नायू वाढतात हे तो डोळ्यांनी पाहत असतो. दुसरा धडा अधिक महत्त्वाचा आहे. जो मुलगा प्रामाणिकपणे व्यायाम करून दहा आठवड्यांत दीड-दोन किलोग्रॅम कमावतो त्याच्यात कोणतेही न्यून नाही. निरोगी देहाची चाल तेवढीच असते. तो स्वतःस हरलेला समजतो, कारण शर्यतीतील दुसरा गडी वाहनात बसून आला आहे हे त्यास कोणी सांगितलेले नसते. आणि हा प्रयोग प्रौढांवर, वैद्यांच्या देखरेखीखाली व अल्पकाळ झाला, हेही विसरता कामा नये. वाढत्या वयाच्या मुलास ते द्रव्य निर्धोक आहे असे त्यावरून मुळीच सिद्ध होत नाही.

द्रव्याचा पूर्वेतिहास

पुरुषसंप्रेरकाचा शोध हा विसाव्या शतकातील रसायनशास्त्राचा एक मोठा विजय होता. जर्मन रसायनज्ञ अॅडॉल्फ बूटेनांट यांनी १९३१ साली सुमारे १५,००० लिटर मूत्रापासून अवघे १५ मिलिग्रॅम अँड्रोस्टेरोन वेगळे केले. १९३५ साली टेस्टोस्टेरोन प्रथम वृषणांतून शुद्ध स्वरूपात मिळाले, आणि त्याच वर्षी बूटेनांट व लिओपोल्ड रुझिका यांनी ते कृत्रिम रीतीने बनविले. या दोघांना १९३९ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक जाहीर झाले. ज्यांच्या देहात हे संप्रेरक पुरेसे बनत नाही त्यांना, तसेच काही विकारांनी खंगलेल्या रुग्णांना, त्याचा उपयोग आजही होतो.

परंतु जे रुग्णास उठवून बसविते ते निरोग्यास अधिक बलवान करील, हा विचार क्रीडांगणावर लौकरच पोहोचला. १९५८ साली सीबा या स्विस कंपनीने मेथॅन्ड्रोस्टेनोलोन ही गोळी बाजारात आणली आणि अमेरिकन वजनउचल्यांत ती झपाट्याने पसरली. यांसारख्या द्रव्यांस ‘अॅनाबोलिक स्टेरॉइड’ म्हणतात. देहाची बांधणी करणारी स्टेरॉइडे असा त्याचा अर्थ.

अल्पवयीनांवर त्यांचा काय परिणाम होतो हे पूर्व जर्मनीच्या कहाणीने जगास दाखविले. सत्तरीच्या व ऐंशीच्या दशकांत त्या राज्याने आपल्या खेळाडूंना, त्यांत कोवळ्या वयाच्या जलतरणपटू मुलींनाही, सरकारी योजनेनुसार अशा गोळ्या दिल्या. कित्येकींना ती जीवनसत्त्वे असल्याचे सांगण्यात आले. १९७६ च्या माँट्रिऑल ऑलिंपिकमध्ये स्त्रियांच्या जलतरणातील १३ सुवर्णपदकांपैकी ११ त्या देशाने जिंकली. पुढे अनेक खेळाडूंचे आवाज कायमचे घोगरे झाले, यकृताचे व हृदयाचे विकार जडले, मातृत्वात अडथळे आले. आणि २००० साली बर्लिनच्या न्यायालयात या योजनेच्या सूत्रधारांना दोषी ठरविण्यात आले. तेथे राज्याने मुलांना फसवून गोळ्या दिल्या होत्या. आजचा मुलगा त्याच जातीचे द्रव्य घरच्यांपासून लपवून, स्वतःच्या खाऊच्या पैशांतून विकत घेतो. फसवणूक मात्र उरतेच. ती आता चित्र करते.

वाढीचे घड्याळ

घराच्या गच्चीवरील पाण्याच्या टाकीत तरंगता गोळा असतो. टाकी भरली की गोळा वर येतो आणि नळ आपोआप बंद होतो. देहातील संप्रेरकांचा कारभार काहीसा असाच चालतो. मेंदूच्या तळाशी असलेला अधोथॅलॅमस हा भाग पोषग्रंथीस इशारा देतो. पोषग्रंथी वृषणांना आज्ञा पाठविते. आणि वृषण टेस्टोस्टेरोन तयार करतात. रक्तातील टेस्टोस्टेरोन पुरेसे झाले की वरच्या दोन्ही आज्ञा मंदावतात. पौगंडावस्थेत ही सारी यंत्रणा प्रथमच पूर्णपणे जागी होते आणि काही वर्षांत मुलाच्या रक्तातील टेस्टोस्टेरोन अनेक पटींनी वाढविते. जे द्रव्य मुलगा चोरून विकत घेतो त्याचा कारखाना त्याच्या देहात त्याच वेळी उभा राहत असतो.

बाहेरून संप्रेरक ओतले की टाकी भरलेलीच राहते. मेंदू नळ बंद करतो. वृषणांना काम उरत नाही. ते आकसतात आणि शुक्रजंतूंची निर्मिती घटते. द्रव्य थांबविल्यावर प्रौढाची यंत्रणा पुष्कळदा काही महिन्यांत पूर्वपदावर येते. कित्येकांना वर्षाहून अधिक काळ लागतो. ज्याची यंत्रणा अद्याप पुरती जागी व्हावयाची आहे त्यास मध्येच झोपविण्याने काय होईल, याची हमी कोणताही वैद्य देऊ शकत नाही.

दुसरी हानी हाडांची. लांब हाडांच्या टोकांशी कूर्चेची एक पातळ चकती असते. उंची वाढते ती तेथे. चकतीतील पेशी वाढतात आणि त्यांच्या जागी हाड बनते. वाढीचे दिवस संपले की चकती स्वतःच हाडात विरून जाते. मुलींत हे मुलांपेक्षा साधारणतः दोन वर्षे आधी घडते. एकदा चकती मिटली की कोणत्याही औषधाने, आहाराने वा आसनाने उंची वाढत नाही.

ही चकती मिटविण्याची आज्ञा मुख्यतः स्त्रीसंप्रेरक देते, मुलांच्या देहातसुद्धा. १९९४ साली अमेरिकन वैद्यांनी अशा एका पुरुषाचा वृत्तान्त प्रसिद्ध केला की, ज्याच्या पेशींना जन्मजात दोषामुळे स्त्रीसंप्रेरकाची आज्ञा समजतच नव्हती. अठ्ठाविसाव्या वर्षी त्याची उंची २०४ सेंटिमीटर होती, हाडांच्या चकत्या उघड्या होत्या आणि तो अद्याप वाढत होता. आता टेस्टोस्टेरोनचा काही अंश देहात नैसर्गिक रीतीनेच स्त्रीसंप्रेरकात रूपांतरित होत असतो. सुईने टेस्टोस्टेरोन भरमसाट वाढविले की त्यापासून बनणारे स्त्रीसंप्रेरकही वाढते. त्याने कधी मुलाच्या छातीवर स्तनांसारखी वाढ होते. आणि हाडांच्या चकत्या वेळेपूर्वीच मिटू लागतात. धिप्पाड होण्यासाठी घेतलेले द्रव्य मुलास आयुष्यभराचा ठेंगू करू शकते. प्रौढास जी हानी कधीच पोहोचणार नाही ती येथे मुलास पोहोचते, आणि तिच्यावर उपाय नाही.

इतर अवयवांचे देणे

संप्रेरक रक्तातून सर्व देहात फिरते. दंडाच्या स्नायूंपुरतेच थांब, असे त्यास सांगता येत नाही. कातडीवर पुरळ दाटतो. गोळीच्या रूपाने घेतलेली अनेक स्टेरॉइडे यकृतात सहज मोडू नयेत अशा रीतीने घडविलेली असतात, आणि म्हणूनच ती यकृतास विशेष बाधतात. कावीळ, रक्ताने भरलेल्या पोकळ्या व क्वचित अर्बुदेही उद्भवतात. रक्तातील हितकर मेद घटतो व अहितकर वाढतो, रक्त दाट होते, आणि हृदयाची डावी भिंत जाड होऊन त्याचे आकुंचन-प्रसरण बिघडते. हृदयही एक स्नायूच आहे. परंतु त्याची अशी वाढ कोणी छायाचित्रात दाखवीत नाही.

मुलींनी ही द्रव्ये घेतल्यास आवाज घोगरा होतो, चेहऱ्यावर केस येतात आणि मासिक पाळी बिघडते. यांपैकी आवाजातील बदल बहुधा कायमचा असतो. मनावरील परिणाम तितकाच गंभीर आहे. द्रव्य चालू असता काहींच्या ठिकाणी चिडखोरपणा व आक्रमकता दिसते. ते थांबविले की उसने संप्रेरक नाहीसे होते आणि स्वतःचे अद्याप बनत नसते. या पोकळीत खोल खिन्नता येते आणि आत्मघाताचे विचारही येऊ शकतात. मिळविलेले स्नायू ओसरू लागतात, आरसा पुन्हा टोचू लागतो, आणि मुलगा पुन्हा सुईकडे वळतो. हे चक्र व्यसनाचेच होय.

पहारा आणि त्याच्या मर्यादा

भारतात या द्रव्यांवर कायद्याचा अंकुश आहे. औषध नियम, १९४५ यांच्या ‘एच’ अनुसूचीत पुरुषसंप्रेरके व अॅनाबोलिक स्टेरॉइडे यांचा समावेश असून, नोंदणीकृत वैद्याच्या चिठ्ठीवाचून ती विकता येत नाहीत. खेळाडूंसाठी राष्ट्रीय उत्तेजकद्रव्यविरोधी संस्था आहे आणि २०२२ साली संसदेने त्यासाठी स्वतंत्र कायदाही केला. तरीही चित्र समाधानकारक नाही. जागतिक संस्थेच्या २०२४ सालच्या आकडेवारीनुसार भारतात ७,१०० हून अधिक नमुने तपासण्यात आले व त्यांपैकी सुमारे ३.६ टक्के दोषी आढळले; मोठ्या प्रमाणावर तपासणी करणाऱ्या देशांत हे प्रमाण सर्वाधिक होते. त्याच संस्थेने जानेवारी २०२४ मध्ये अल्पवयीन खेळाडूंविषयी अहवाल काढला. २०१२ पासून १,४०० हून अधिक अल्पवयीन खेळाडू जगभर दोषी आढळले होते. त्यांत बारा वर्षांचे मूलही होते, आणि अशा प्रकरणांची संख्या सर्वाधिक असलेल्या देशांत रशिया व चीन यांच्याबरोबर भारताचे नाव होते.

सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्ली राज्याच्या मैदानी स्पर्धेत जे घडले ते या आकड्यांहून बोलके आहे. तपासणी अधिकारी आल्याचे कळताच अनेक खेळाडू मैदान सोडून गेले. पुरुषांच्या शंभर मीटरच्या अंतिम शर्यतीत एकच धावपटू उरला. वृत्तपत्रांनी असेही छापले की, कनिष्ठ गटातील एक धावपटू मुलगी अंतिम रेषा ओलांडल्यावरही धावतच राहिली आणि अधिकाऱ्यास तिच्या मागे धावावे लागले.

परंतु हा सारा पहारा मैदानावरचा आहे. लखनौच्या क्रीडा महाविद्यालयातील वा क्रीडा प्राधिकरणाच्या केंद्रातील खेळाडू केव्हाही तपासला जाऊ शकतो. गल्लीतील जिममध्ये जाणारा मुलगा कोणत्याच स्पर्धेत उतरत नाही; त्यास केवळ चित्रात चांगले दिसावयाचे असते. त्याचा नमुना कोणी घेत नाही. पहिली खूण दिसण्याची शक्यता असते ती घरातच.

बाजारात तर नियमांनाही बगल देण्याचे मार्ग आहेत. ‘सार्म’ नावाची नवी द्रव्ये स्नायूंवर निवडक रीतीने कार्य करतात असे सांगून विकली जातात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्यांपैकी एकासही उपचारार्थ मान्यता दिलेली नाही. म्हणून बाटलीवर ‘केवळ संशोधनासाठी’ असे छापून ती खपविली जातात. छतर मंझिलमधील शास्त्रज्ञांनी आपले संयुग संशोधनाच्या मेजावरून रुग्णाच्या हाती देण्यापूर्वी सुमारे दोन तपे तपासले. येथे मुलगा संशोधनाच्या बाटलीतले द्रव्य थेट तोंडात घालतो. साध्या प्रथिनभुकटीविषयीही सावध असावे. भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ भुकट्यांचे पृथक्करण २०२४ साली प्रसिद्ध झाले. त्यांतील सुमारे ७० टक्क्यांच्या वेष्टनावर प्रथिनांचे प्रमाण चुकीचे छापलेले होते आणि काहींत बुरशीपासून उत्पन्न होणारी विषेही सापडली.

आखाड्याची रीत

देहसाधना हे लखनौस नवे नाही. अब्दुल हलीम शरर यांनी जुन्या लखनौच्या वर्णनात लकडी, पटा, बांक, बिनौट व कुस्ती या विद्यांना मानाचे स्थान दिले आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभट्टदादा देवधरांनी मल्लखांबाची विद्या मराठी मुलखात रुजविली. आणि तोच बाजीराव पुढे ज्या बिठुरास राहिला ते लखनौपासून फार दूर नाही. या परंपरांत उणिवा पुष्कळ होत्या, परंतु एक गोष्ट शहाणपणाची होती: देहाचे मोल तो काय करू शकतो यावर ठरे. जोर किती काढले, पकड किती वेळ टिकली, खांबावर तोल सावरला की नाही, हे प्रश्न असत. आणि उत्तर देणारा वस्ताद शिष्यास वर्षानुवर्षे ओळखणारा असे. चित्रास शिष्याचे वयही ठाऊक नसते.

हीच रीत आज घरी व शाळेत पाळता येईल. ‘किती बारीक झालास’, ‘काय पोट सुटले आहे’ अशी थट्टा घरातून हद्दपार व्हावी. पडद्याने पेरलेल्या असमाधानास ती खतपाणी घालते. पडद्यावरील देह कसा घडविला जातो हे मुलांना समजावून द्यावे. व्यायामाची प्रगती आरशात न पाहता वहीत लिहावयास लावावी: किती वजन, किती वेळा, किती अंतर. सोळा ते अठरा वर्षांच्या मुलास दिवसाकाठी सुमारे ५५ ग्रॅम प्रथिने पुरतात, असे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० साली ठरविले आहे. डाळ, हरभरे, सोयाबीन, दूध व अंडी यांतून ती सहज मिळतात. झोप पुरेशी असावी, कारण वाढीचे संप्रेरक प्रामुख्याने गाढ झोपेत स्रवते.

काही खुणा दिसल्यास मात्र दुर्लक्ष करू नये. थोड्या आठवड्यांत झपाट्याने वाढलेले स्नायू, पाठीवर व खांद्यांवर एकाएकी उठलेला पुरळ, छातीवरील सूज, चिडखोरपणा, लपविलेल्या सुया वा गोळ्या, ही त्यांपैकी प्रमुख होत. अशा वेळी आरडाओरडा करू नये आणि घाबरून मुलावर परस्पर उपचारही करू नयेत. त्यास संप्रेरकतज्ज्ञाकडे न्यावे व घेतलेले सर्व काही खरे सांगण्याचे अभय द्यावे. द्रव्य थांबविल्यावरचे महिने खिन्नतेचे असतात, म्हणून त्या काळात त्यास एकटे सोडू नये.

लखनौच्या काय किंवा पुण्याच्या काय, कोणत्याही मोठ्या रुग्णालयात मुलाच्या डाव्या हाताचे क्ष-किरण चित्र काढले जाते. वैद्य ते प्रकाशासमोर धरतो. बोटांच्या व मनगटाच्या हाडांच्या टोकांशी एक काळसर रेघ दिसते. तीच ती कूर्चेची चकती. पडद्यावरील शेकडो चित्रांत नसलेली गोष्ट या एका चित्रात असते: मुलाचे स्वतःचे वय. जोवर ती रेघ दिसत आहे तोवर देहाचे काम चालू आहे, आणि त्यास त्याच्या वेळेने ते पुरे करू द्यावे.